इव्हेंट बदलला म्हणजे हरलो का?

(वाचणाऱ्यांसाठी: हा भाग आधी बोललेला आहे, मग उतरवून काढलाय. 'म्हणजे' आणि 'ना' यांच्यातले निम्मे काढले, बाकीचे राहू दिलेत.)

आज साताऱ्यातून बोलतेय. खिडकी लावून घेतलीय, तरी मधेच एसटीचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. जतकडच्या एका मुलीची. अकरावीत आहे. नाव सांगणार नाही, पण गोष्ट सांगू का म्हणून विचारलं तर हो म्हणाली. शंभर आणि दोनशे मीटर पळते. रिलेत तिसरा लेग तिचा. आणि सरांनी तिला सांगितलंय की इथून पुढं तू चारशे-आठशेची तयारी कर. तर तिचं म्हणणं असं, "ताई, मी स्लो झाले म्हणून सर मला काढून टाकायला लागलेत ना?" त्यानंतर आठ-दहा सेकंद नुसता वाऱ्याचा आवाज आणि नोट संपली.

मी ती तीनदा ऐकली. कारण हेच वाक्य मी स्वतः कधीतरी विट्याच्या ग्राउंडवर मनात म्हटलेलं आहे. त्याचं पुढं काय झालं ते सांगते नंतर. आधी दोन बायकांबद्दल बोलू. एक नेदरलँड्सची, एक आपल्या माण तालुक्यातली. ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगला वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिप झाली, ते पक्ष्याच्या घरट्यासारखं स्टेडियम आहे ना, तिथं. या दोघी एकाच आठवड्यात त्याच ट्रॅकवर पळाल्या. आणि दोघीही, गंमत बघा, आपला जुना इव्हेंट सोडून आलेल्या होत्या.

नेदरलँड्सची ती डाफ्ने स्किपर्स. उत्रेख्त गावची, जन्म १९९२ चा. आज ती स्प्रिंटर म्हणून सगळ्यांना माहिती आहे, पण तिची सुरुवात हेप्टाथलॉनची. हेप्टाथलॉन म्हणजे दोन दिवसांत सात इव्हेंट. पहिल्या दिवशी हर्डल्स, उंच उडी, गोळाफेक, दोनशे मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि सगळं अंग मोडून झाल्यावर शेवटी आठशे मीटर. २०१० ला ती यात ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाली. २०१३ ला मॉस्कोत सीनिअर वर्ल्डमध्ये ब्राँझ. म्हणजे ज्यात जमत नव्हतं ते सोडलं, असा हा प्रकार नाही. ज्यात जगात तिसरी होती ते सोडलं.

२०१४ ला झुरिकमध्ये युरोपियन चॅम्पियनशिपला शंभर आणि दोनशे दोन्ही जिंकली. आता कोणीही म्हणेल, मग प्रश्नच मिटला. तर नाही. तरीसुद्धा पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत तिचं ठरत नव्हतं. सात इव्हेंटवर जीव होता. शेवटी जून २०१५ मध्ये जाहीर केलं की आता फक्त स्प्रिंट. आणि ऑगस्टमध्ये बीजिंग. शंभरला १०.८१ सेकंद, सिल्व्हर. दोनशेला २१.६३, गोल्ड. ती दोनशेची रेस यूट्यूबवर बघाच. वळणावरून बाहेर पडताना जमैकाची इलेन थॉम्पसन पुढं आहे, आणि स्किपर्स शेवटच्या काही मीटरमध्ये तिला गाठते. थॉम्पसनचं टायमिंग २१.६६. तीन शतांश सेकंदांचा फरक. त्या दिवशीपर्यंत जगात फक्त दोन बायका तिच्यापेक्षा जोरात दोनशे पळाल्या होत्या.

बरं, इव्हेंट बदलला म्हणून टीम सुटली का? जुलै २०१६ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये, म्हणजे घरच्या लोकांसमोर, युरोपियन चॅम्पियनशिप. तिथं शंभरला गोल्ड, आणि चार बाय शंभर रिलेलाही गोल्ड, ४२.०४ सेकंद. जमिले सॅम्युअल, डाफ्ने स्किपर्स, टेसा व्हान स्कागेन, नाओमी सेडनी. मी चारही नावं मुद्दाम घेतली. रिलेत एकीचंच नाव लक्षात राहतं आणि बाकीच्या तिघी 'आणि टीम' होतात. तिसऱ्या लेगला पळालेली बाई आहे मी, मला हे झोंबतं.

पुढच्याच महिन्यात रिओ ऑलिंपिकला दोनशेत सिल्व्हर, २०१७ ला लंडनमध्ये पुन्हा वर्ल्ड गोल्ड. मग पाठीच्या दुखण्यानं बेजार केलं आणि २०२२ मध्ये, तिशीत, तिनं थांबायचं ठरवलं. म्हणजे इव्हेंट बदलल्यावर जे मिळालं तेही कायमचं नव्हतंच. सात-आठ वर्षं मिळाली. पण काय वर्षं होती!

आता आपल्याकडं येऊ.

साताऱ्याहून पूर्वेला निघालात, कोरेगाव, पुसेगाव मागं टाकून दहिवडीकडं गेलात की हवा बदलते. हिरवा रंग कमी होत जातो. माण तालुका पर्जन्यछायेतला. महाबळेश्वर याच जिल्ह्यात आहे आणि माणही याच जिल्ह्यात आहे, हे बाहेरच्या माणसाला पटवून द्यावं लागतं. या तालुक्यातलं मोही हे गाव. तिथली, शेतकरी कुटुंबातली ललिता बाबर. जन्म २ जून १९८९. पुढं तिला 'माणदेशी एक्स्प्रेस' म्हणायला लागले.

ललिता स्प्रिंटर नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी पकडणार. ती लांब पळणारी. किती लांब? मॅरेथॉन. ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३, २०१४, सलग तीन वर्षं भारतीय महिलांमध्ये पहिली. आता तुम्ही विचार करा. मोहीसारख्या गावातून येऊन मुंबईच्या रस्त्यावर सलग तीनदा पहिलं यायचं. पेपरात फोटो, हातात बक्षीस, रेल्वेची नोकरी. माझ्यासारखी असती तर म्हणाली असती, बास की आता, काय वाईट आहे?

पण मुंबईत भारतीयांमध्ये पहिलं येणं आणि आशियात पदक घेणं यात लय अंतर असतं. तिला ते पदक हवं होतं. तिथं जवळची वाट तीन हजार मीटर स्टीपलचेसची होती. पंचवीस वर्षांची असताना तिनं ती धरली. प्रशिक्षक होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह. कडक माणूस म्हणून प्रसिद्ध. २०२१ मध्ये पतियाळ्याला भारतीय खेळाडूंबरोबर काम करत असतानाच ते गेले.

स्टीपलचेस ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. ट्रॅकचे साडेसात राउंड. वाटेत २८ वेळा लाकडी अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. बायकांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, साधारण आपल्या जेवायच्या टेबलाएवढी. आणि हर्डल्ससारखा हा अडथळा धक्का लागला की पडत नाही. तो जागचा हलत नाही, तुम्ही पडता. पाण्याच्या ठिकाणी अडथळ्यावर पाय देऊन लांब उडी मारायची, एक पाय पाण्यात पडणारच, आणि मग ओला जड बूट घेऊन पुढचा राउंड. मॅरेथॉनला एक लय असते, ती लागली की माणूस तंद्रीत पळतो. इथं दर काही पावलांना लय मोडते. मॅरेथॉनवालीला हे शिकायचं म्हणजे कीर्तनकाराला कबड्डीत उतरवण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी स्टीपलचेस पहिल्यांदा आली २००८ ला. म्हणजे ललिता एकोणीस वर्षांची होईपर्यंत ऑलिंपिकच्या यादीत हा इव्हेंट बायकांना नव्हताच. लहानपणी कोणी तिला विचारलं असतं की तू ऑलिंपिकमध्ये काय पळणार, तर खरं उत्तर तिला देताच आलं नसतं.

सप्टेंबर २०१४, इंचिऑन एशियन गेम्स. आता इथं जे झालं ते ऐका. रेस संपली, बहारीनची रूथ जेबेट पहिली. पण तिचा पाय ट्रॅकच्या आतल्या कडेला पडला म्हणून तिला बाद केलं. ललिताला सिल्व्हर, आपल्याच सुधा सिंगला ब्राँझ. मग बहारीननं अपील केलं, जेबेटला परत घेतलं, आणि ललिता सिल्व्हरवरून ब्राँझवर आली. सुधा सिंग तर चौथी, हातात काहीच नाही. ललिताचं टायमिंग होतं ९ मिनिटं ३५.३७ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. आणि हा विक्रम आधी होता कुणाचा? सुधा सिंगचाच. मला नेहमी वाटतं, त्या संध्याकाळी त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील.

तिथून पुढचे आकडे मी नुसते वाचून दाखवते. जून २०१५, वुहान, एशियन चॅम्पियनशिप, गोल्ड, ९:३४.१३. ऑगस्ट २०१५, बीजिंग, म्हणजे तेच स्किपर्सवालं बीजिंग, हीटमध्ये ९:२७.८६, फायनलमध्ये जगात आठवी. २०१६ ला दिल्लीत ९:२७.०९. आणि १३ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक, हीटमध्ये ९:१९.७६. इंचिऑनपासून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि पंधरा सेकंदांहून जास्त खाली. प्रत्येक राउंड साधारण पंचाहत्तर सेकंदांत, तोही अडथळे आणि पाणी धरून. तुमच्या गावात ट्रॅक असेल तर एकदा अडथळ्याशिवाय नुसता एक राउंड पंचाहत्तरमध्ये काढून बघा. मग लगेच दुसरा. मग उरलेले साडेपाच.

त्या टायमिंगनं ती फायनलला गेली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक फायनलमध्ये भारताची बाई त्याआधी कधी होती? १९८४, लॉस एंजेलिस, पी. टी. उषा, चारशे मीटर हर्डल्स. मधे बत्तीस वर्षं. फायनल १५ ऑगस्टला झाली. ललिता दहावी आली, ९:२२.७४. आपल्याकडं दुसऱ्या दिवशी काही जणांनी लिहिलं की पदक हुकलं. हुकलं कसलं? मोहीची पोरगी जगात दहावी आली होती. मला त्या शब्दाचा आजही राग येतो.

तिचा ९:१९.७६ चा विक्रम सात वर्षं टिकला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीनं ९:१५.३१ करून तो मोडला. ललिताला २०१६ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि पुढं ती महाराष्ट्र सरकारच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. म्हणजे बघा, मॅरेथॉन, मग स्टीपलचेस, मग फाइली आणि सातबारा. तिसरा इव्हेंटही बदललाच तिनं.

थोडं इकडं-तिकडं जाते, पण याच भागात राहून. माणगंगा नदी माण तालुक्यातून खाली सांगलीच्या आटपाडी तालुक्यात येते. नदी म्हणायचं, पाणी पावसापुरतं. त्या आटपाडीतलं करगणी हे सचिन खिलारीचं गाव. शाळेत असताना अपघातात एका हाताला कायमची इजा झाली. इंजिनिअर झाला. पॅरा-स्पोर्ट्समध्ये आला तो भाला घेऊन. खांदा दुखावला, भाला सुटला, गोळा हातात आला. आणि त्या गोळ्यानं २०२३ आणि २०२४ ला वर्ल्ड गोल्ड, आणि ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकला सिल्व्हर, १६.३२ मीटर. गोल्ड सहा सेंटिमीटरनं गेलं. आणि फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. आई-वडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो पळायचा, पण अंगात ताकद कमी पडायची. क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर हातात धनुष्य आलं. २०१९ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये भारताच्या पुरुष संघाला रिकर्व्हमध्ये सिल्व्हर मिळालं, त्या तिघांत तो होता, आणि तिथंच टोकियो ऑलिंपिकची जागा पक्की झाली. स्पर्धा कुठं होती? नेदरलँड्समध्ये, डेन बॉसला. सेमीफायनल कुणाशी? नेदरलँड्सशी. शूट-ऑफवर जिंकली. हे मला वाचताना सापडलं तेव्हा एकटीच हसले.

आता माझं.

मी दोनशे पळायचे, आणि रिलेत तिसरा लेग. तिसरा लेग म्हणजे दुसरं वळण. पहिली आणि तिसरी बॅटन उजव्या हातात धरतात, म्हणजे आतल्या कडेला चिकटून पळता येतं. दुसरी आणि चौथी डाव्या हातात. तिसरीला बॅटन घ्यायचीही असते आणि द्यायचीही, आणि दोन्ही वेळा मागं न बघता भरवसा ठेवायचा असतो. मला हे आवडायचं. माझं दोनशेचं टायमिंग २७.४ होतं. पुढच्या वर्षीही २७.४. त्याच्या पुढच्या वर्षी २७.५. सरांनी बोलावून सांगितलं, तुझे शेवटचे तीस मीटर बाकीच्यांपेक्षा चांगले जातात, सुरुवात मात्र जड आहे, चारशे बघ. मी ऐकलं काय? 'तू हळू आहेस.' त्यांनी ते म्हटलंच नव्हतं. मी मान हलवली, आणि दोन वर्षं हट्टानं ब्लॉक स्टार्टच मारत बसले. नडग्या दुखायला लागल्या, तरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर चारशेचा विषय परत निघाला असता. शेवटी एका विद्यापीठ स्पर्धेच्या आधी पायच टेकेना, आणि माझ्या जागी दुसरी मुलगी वळणावर उभी राहिली. चुकी कुणाची? माझी. सरांनी वाट दाखवली होती. मी एकदासुद्धा, म्हणजे अक्षरशः एकदासुद्धा, टाइम लावून चारशे पळून बघितलं नाही. मला आजही माहिती नाही माझं चारशेचं टायमिंग काय आलं असतं. सत्तावीस पूर्णांक चार पाठ आहे, आणि ते माहिती नाही.

तर बाळा, आता तुला उत्तर.

एक, सरांना कारण विचार. भीत भीत नको, सरळ विचार. कारण आपल्या भागात चारशे-आठशेकडं पाठवण्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे तुझ्या शरीराला ते जास्त जमेल असं सरांना दिसलंय. दुसरं म्हणजे पोलीस भरती. मुलींना भरतीत आठशे मीटरला २० गुण, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. आठशेला सगळ्यात जास्त, म्हणून अर्ध्या अ‍ॅकॅडम्या सरसकट सगळ्या पोरींना आठशेला लावतात. त्यात मी नाक मुरडणार नाही. दुष्काळी तालुक्यातल्या घरात एक वर्दी आली की काय बदलतं ते मी बघितलंय. पण ते कारण वेगळं आहे, त्याची तयारी वेगळी आहे, आणि त्यात शंभरचे पंधरा गुणही आहेतच, म्हणजे तुझी स्प्रिंट फुकट जात नाही. कारण कोणतं ते तुला माहिती पाहिजे. सर सांगतील. नाही सांगितलं, नुसतं 'मी म्हणतो म्हणून' म्हणाले, तर मात्र दुसऱ्या जाणत्या माणसाला विचार.

दुसरं. दोनशे पळताना मोबाइलवर कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांग आणि बघ, तू शेवटच्या पन्नासमध्ये मागं पडतेस की पुढं येतेस. स्किपर्सची ती बीजिंगची रेस आणि तुझी रेस शेजारी ठेवून बघ. हसू नको, खरंच बघ.

आणि रिले सोडू नको. चारशेवाल्या मुलीला रिले नसते असं कोणी सांगितलं? चार बाय चारशे असते की. आणि सरांना विचार, या सीझनला चार बाय शंभरमध्येही राहू का. फार तर नाही म्हणतील.

रडू आलं तर येऊ दे. मॅरेथॉन सोडताना मुंबईत तीनदा जिंकलेल्या बाईला काय वाटलं असेल ते आपल्याला माहिती नाही, पण काहीच वाटलं नसेल असं मी मानत नाही.

येत्या रविवारी ग्राउंडवर जा. उन्हाच्या आधी. नीट वॉर्म-अप कर, अर्धा तास तरी. मग एकदा चारशे पळ. पहिल्या शंभरला उधळू नको, तिसऱ्या शंभरला सगळं संपल्यासारखं वाटेल, तिथं हात हलवत राहा. कोणाला तरी स्टॉपवॉच लावायला सांग. जे येईल ते मला पाठव. ७० येऊ दे, ८० येऊ दे. आणि रिलेत कितव्या लेगला ठेवलं तेही कळव.